अर्धवट बदललेले राउटर: ओळीओळीने आज्ञा की नेटकॉन्फ?

सोलापुरातून बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट, मंगळवेढा येथील शाखांच्या राउटरांवर एकदम बदल पाठवताना सर्वांत घातक ठरतो तो अर्धाच बदललेला राउटर. एसएसएचवरून (दूरच्या उपकरणाशी सुरक्षितपणे जोडण्याच्या पद्धतीने) स्क्रिप्टने, म्हणजे छोट्या प्रोग्रामने, आज्ञा पाठवल्यास सिस्को कंपनीच्या राउटरांवरील आयओएस या कार्यप्रणालीत प्रत्येक ओळ तत्काळ लागू होते. त्यामुळे सातव्या ओळीत चूक निघाली तरी आधीच्या सहा तशाच राहतात, आणि स्क्रिप्ट त्रुटीसंदेश तपासत नसेल तर काम यशस्वी झाल्याचेच नोंदवते. मग प्रत्येक राउटरचे चालू कॉन्फिगरेशन (सेटिंग्ज) जुन्या प्रतीशी ताडून पाहण्यावाचून गत्यंतर नसते. जुन्या उपकरणांवर मात्र बहुधा ओळीओळीने आज्ञा पाठवण्याचा हाच मार्ग उपलब्ध असतो.

आरएफसी ६२४१ या २०११ च्या इंटरनेट मानक दस्तऐवजातील नेटकॉन्फ या, उपकरणांचे कॉन्फिगरेशन बदलण्याच्या प्रमाणित पद्धतीत, उपकरणाची तशी क्षमता असल्यास, बदल वेगळ्या मसुद्यात तपासून एकत्र लागू करता येतो. शिवाय पुष्टीची अट घातल्यास, वेगळी मुदत दिली नसेल तर ६०० सेकंदांत, पुष्टी न पोहोचल्यास राउटर आपणहून पूर्वस्थितीला परततो. स्वतःच्याच बदलाने मंगळवेढ्याची लिंक तुटून रात्री गाडी काढावी लागलेल्या माणसाला याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. म्हणून नव्या उपकरणांसाठी मी नेटकॉन्फच निवडतो. मात्र ही हमी एकेका राउटरपुरतीच असते. कोणता बदलला आणि कोणता राहिला, याची नोंद ठेवून राहिलेल्यांवरच पुन्हा प्रयत्न करण्याचे काम आपल्याकडेच राहते.