'द हाइव्ह्ज'चा अकरा वर्षांनी आलेला अल्बम : साऊंडच्या कामात नऊ महिने वापरल्यानंतर

साऊंड लावणाऱ्या प्रत्येकाजवळ एक ठरलेलं गाणं असतं. केबल पसरून झाल्या, टॉप म्हणजे वरचे स्पीकर स्टँडवर चढले, बेस बिन म्हणजे खालच्या जाड आवाजाचे स्पीकर जागेवर बसले की माइकवर 'हॅलो, वन टू' म्हणायच्या आधी तो ते गाणं लावतो आणि सगळ्यात मागच्या रांगेत जाऊन उभा राहतो. गाणं त्याला इतकं पाठ असतं की हॉलनं त्यात काय मिसळलं आणि काय खाल्लं, हे लगेच कळतं. माझ्या ओळखीचे दोघं त्यासाठी लताबाईंचं जुनं रेकॉर्डिंग लावतात, एक जण गझल लावतो. मी द हाइव्ह्ज लावतो. २०१२ पासून त्यांचा 'लेक्स हाइव्ह्ज' लावत होतो, आणि सप्टेंबर २०२३ पासून 'द डेथ ऑफ रँडी फिट्झसिमन्स'. आता मे संपत आला. गणपती, कोजागिरी, लग्नसराई, जयंत्या, सगळ्यांत हा अल्बम माझ्यासोबत फिरला आहे. म्हणून हे लिहितो आहे.

ज्यांना हा बँड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. स्वीडनमध्ये फागेर्स्टा नावाचं पोलादाच्या कारखान्याचं गाव आहे, दहा-बारा हजार वस्तीचं. आपल्याकडच्या खापरखेडा-भद्रावतीची आठवण व्हावी असं, कारखान्याच्या भोंग्यावर दिवस चालणारं. तिथल्या पोरांनी १९९३ मध्ये हा बँड काढला. दोन सख्खे भाऊ त्यात आहेत : गायक पेले आल्मक्विस्ट आणि गिटारवर निकोलस आर्सन हे नाव घेतलेला त्याचा भाऊ. गॅरेज रॉक हे नाव साठच्या दशकातल्या अमेरिकन पोरांवरून पडलं, जी घराच्या गॅरेजमध्ये दोन गिटार आणि एक ड्रमसेट घेऊन वाजवायची. त्यात पंकची घाई आणि राग मिसळला की गॅरेज पंक. हाइव्ह्ज ते काळ्या-पांढऱ्या सुटांत, टाय बांधून वाजवतात. माझ्या धंद्यातल्या माणसाला आवडेल अशी एक गोष्ट म्हणजे त्यांच्या स्टेजवर केबल ओढणारे, गिटार बदलून देणारे मदतनीससुद्धा निन्जाच्या काळ्या वेशात असतात. स्टेजमागच्या माणसाला वेशभूषा देणारा दुसरा बँड मी पाहिला नाही.

२००४ मध्ये नागपुरात बर्डीवरच्या एका सायबर कॅफेत मी त्यांचं 'हेट टू से आय टोल्ड यू सो' पहिल्यांदा ऐकलं. एकोणीस वर्षांचा होतो, काकांच्या मंडप-साऊंडच्या दुकानात नुकताच हाताशी लागलो होतो. त्या गाण्यात एका ठिकाणी सगळं थांबतं, नुसता बेस उरतो आणि मग सगळे एकदम परत येतात. ती थांबण्याची जागा मी त्या दिवशी परत परत ऐकली. तेव्हापासून हा बँड माझा आहे.

आता या अल्बमची गोष्ट. बँडची सगळी गाणी रँडी फिट्झसिमन्स नावाचा एक अदृश्य सहावा माणूस लिहितो, असं ते पहिल्यापासून सांगत आले. त्याला कोणी कधी पाहिलं नाही. 'लेक्स हाइव्ह्ज' २०१२ मध्ये आला आणि मग अकरा वर्षं नवा अल्बम नाही. मधे एखाददुसरं सुटं गाणं आलं, एक लाइव्ह रेकॉर्ड आली, बस. २०१३ मध्ये जुना बेसवाला बँड सोडून गेला, त्याच्या जागी 'द योहान अँड ओन्ली' हे नाव घेतलेला नवा आला. शेवटी ११ ऑगस्ट २०२३ला हा अल्बम आला तो या कहाणीसकट : गावच्या पेपरात रँडीच्या निधनाची बातमी छापून आली, बँडनं थडगं शोधून उकरलं, आत प्रेत नव्हतंच. होत्या टेप, नवे सूट आणि हे शीर्षक लिहिलेला कागद.

नागपूरच्या माणसाला ही कहाणी परकी वाटत नाही. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी महाल-इतवारीतून काळी आणि पिवळी मारबत निघते, बडगे निघतात, आणि 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत' म्हणत अख्खं शहर एका पुतळ्याला ढोल-ताशाच्या गजरात शेवटच्या वाटेला लावतं. न जगलेल्या देहाची अंत्ययात्रा, आणि तिच्यात सगळ्यांत जास्त जीव. २०२३ची मारबत अल्बम आल्यावर महिनाभरानं निघाली. मी इतवारीत गर्दीत उभा होतो आणि डोक्यात 'बोगस ओपरँडी' वाजत होतं. दुसऱ्या दिवशी गोदामात ते मोठ्या टॉपवर लावलं आणि तपासणीचं गाणं बदललं.

का बदललं ते सांगतो. 'बोगस ओपरँडी' हे पहिलंच गाणं. गिटारचा फटका, मग जागा, पुन्हा फटका. दोन्ही गिटार एकच सुरावट इतकी घट्ट वाजवतात की मोठ्या माणसाच्या एका हातासारखी वाटतात. आणि फटक्यामागची ती रिकामी जागा माझ्या कामाची आहे. हॉलची मागची भिंत स्टेजपासून ३० मीटरवर असेल तर आवाजाला जाऊन परत यायला जवळपास ०.१८ सेकंद लागतात. सतत वाजणाऱ्या गाण्यात हा परतलेला आवाज दबून जातो. इथे फटका थांबतो आणि भिंत जे परत पाठवते ते उघडं पडतं. मागच्या रांगेत उभं राहून दोन वेळा ऐकलं की टॉप किती झुकवायचे, मागच्या भिंतीवर पडदा हवा की नको, कळतं. पत्र्याच्या छताच्या एका मंगल कार्यालयात या गाण्यानं मला सरळ सांगितलं की इथे चार टॉप लावायचे नाहीत, दोनच लावा आणि आवाज उतरवा. तसंच केलं. नवरदेवाच्या आजोबांनी भटजींचा शब्द न् शब्द ऐकला.

आमच्या ऑर्केस्ट्रात कॅसिओ वाजवणारे एक काका आहेत, साठीच्या पुढचे. त्यांना इंग्रजी गाण्यांचं काही नाही. साऊंड चेकला दोन-तीनदा ऐकून एक दिवस म्हणाले, "बाप्पा, वाजवनं तं सगळ्यायले येते. थांबनं जमलं यायले." अल्बमबद्दल यापेक्षा नेमकं मी कुठे ऐकलं नाही.

दुसरा गुण मधल्या आवाजाचा. माणसाचा कान २ ते ४ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात सगळ्यांत जास्त तीक्ष्ण असतो, आणि शब्दातली अक्षरं, क, ट, च, त, इथेच फुटतात. आजकाल लग्नात येणारे पोट्टे बेस मागतात, म्हणून सिस्टिम तळात आणि वरच्या टोकाला फुगवलेली असते आणि मध्ये खड्डा. अशा सिस्टिमवर हा अल्बम लगेच मरतो, कारण याचा सगळा जीव मधल्या पट्ट्यात आहे. १४ एप्रिलच्या आठवड्यात उत्तर नागपुरात, इंदोऱ्याकडे, भीमगीतांचे दोन कार्यक्रम होते. भीमगीताची गायिका उभी राहते तेव्हा शेवटच्या खुर्चीपर्यंत शब्द पोचला नाही तर कार्यक्रमच झाला नाही असं समजायचं. दोन्ही ठिकाणी मी आधी 'काउंटडाउन टू शटडाउन' लावलं. ते बेसनं सुरू होतं, मग गिटार येतात. गिटार आल्यावर बेसचे सूर वेगळे ऐकू येत राहिले आणि गिटार कानाला टोचली नाही, की समजायचं, ईक्यू म्हणजे खालच्या, मधल्या आणि वरच्या आवाजाचा तोल जमला. मग गायिकेच्या माइकवर मला जवळपास काही हलवावं लागलं नाही. स्वीडनच्या पोलादी गावातल्या गिटारीवर इंदोऱ्यातल्या गाण्याचा आवाज बसवता येतो, ही माझ्या नऊ महिन्यांतली सगळ्यांत मोठी मिळकत आहे.

अल्बमचा निर्माता पाट्रिक बेर्गर आहे. रॉबिन या पॉप गायिकेच्या 'डान्सिंग ऑन माय ओन'मागे तो होता, म्हणजे पॉपमधला मोठा माणूस. मला आधी भीती होती की हा सगळं गुळगुळीत करून टाकेल. केलं नाही. आवाज खरखरीत ठेवला, पण प्रत्येक वाद्य आपापल्या जागी ठेवलं. पेले तेव्हा पंचेचाळीस वर्षांचा होता आणि त्याचा गळा विशीतल्या पोरासारखा फाटतो, पण शब्द कुठेच हरवत नाही.

बारा गाणी, सगळी मिळून जेमतेम अर्धा तास. कामाबाहेर मी तो मेट्रोत ऐकतो. लोकमान्य नगरला बसलो की बर्डी येईस्तोवर आठ-नऊ गाणी होतात. 'ट्रॅपडोअर सोल्यूशन' मिनिटभरात संपतं. सुरुवातीला मला ते अपुरं वाटायचं, आता तेवढंच पुरतं. 'रिगर मॉर्टिस रेडिओ'ची चाल पायात उतरते. 'स्मोक अँड मिरर्स' चालीनं सगळ्यांत गोड आहे आणि घरी बायकोला तेवढंच एक आवडलं. स्वयंपाक करताना ती गुणगुणते. 'द बॉम्ब'मध्ये गायक विचारतो, बाकीचे उत्तर देतात, मग प्रश्न उलटा फिरवून पुन्हा विचारतो. पोवाड्यातले झीलकरी आठवतात. माझ्या हाताखालचा पोरगा सुरुवातीला म्हणाला होता, "दादा, हे लोक भांडून राहिले का?" डिसेंबरमध्ये अधिवेशनाच्या दिवसांत लागोपाठ कामं होती, आम्ही रात्री गाडीत माल भरत होतो, तेव्हा तोच 'द बॉम्ब'ची उत्तरं मोठ्यानं देत होता. शब्द त्याचे स्वतःचेच होते, ताल चुकला नव्हता.

आता जे पटलं नाही ते. 'स्टिक अप' मला नऊ महिन्यांत पचलं नाही. चाल जड, नाटकी, आणि त्या जागी अल्बमचा वेग तुटतो. 'व्हॉट डिड आय एव्हर डू टू यू?' बाकी गाण्यांपेक्षा वेगळं, थंड, यंत्रासारख्या तालावर चालणारं आहे. एकट्यानं ऐकताना ते मला आवडतं, पण अकराव्या नंबरावर, शेवटच्या धडाक्याच्या तोंडावर ते ठेवायला नको होतं. दुसरी तक्रार कामाची. आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच पातळीवर ठासून भरलाय. हळू आणि जोरात यातलं अंतर सिस्टिम कसं सांभाळते हे यावर तपासता येत नाही; त्यासाठी मी अजून तबल्याचं एक रेकॉर्डिंग ठेवलं आहे. आणि खोल तळाचा बेस यात फारसा नाहीच. डीजेच्या मोठ्या बिन तपासायच्या असतील तर या अल्बमचा उपयोग नाही, दुसरं काही लावा.

तिसरी गोष्ट अल्बमची नाही, तरी घेणाऱ्यांना सांगतो. मला लाँग प्लेची तबकडी हवी होती. एका विक्रेत्याकडून मागवली, एप्रिलच्या शेवटी आली. बाहेरून पॅकिंग धड होतं, आत तबकडी वाटीसारखी वाकलेली. बंद गाडीत किंवा गोदामात दिवसभर तापली असणार. विक्रेत्यानं परत घ्यायला नकार दिला. पैसे गेले त्यापेक्षा ती तबकडी सुईखाली डोलताना पाहून जास्त वाईट वाटलं. विदर्भात राहत असाल तर तबकडी मार्च ते जून मागवू नका, दिवाळीनंतर मागवा. मी आता पैसे देऊन घेतलेली पूर्ण दर्जाची फाइल पेनड्राइव्हवर वापरतो. कामासाठी फुकटच्या, दाबलेल्या फाइली घेऊ नका. ड्रमच्या झांजा त्यात पाण्यातून आल्यासारख्या वाटतात आणि तुम्ही उगाच टॉपला दोष देत बसाल.

या महिन्यात पारा ४५च्या आसपास आहे. दुपारी उघड्या मैदानात मांडणी करायची म्हणजे ॲम्प्लिफायरसाठी ओल्या गोणपाटाच्या सावलीची सोय आधी बघावी लागते, नाहीतर तापून आपोआप बंद पडतो. परवा एका शाळेच्या मैदानावर कार्यक्रम होता. रात्री दहाला स्पीकर बंद करायचा नियम, म्हणून तपासणी संध्याकाळी साडेपाचलाच उरकायची होती. जमीन भट्टीसारखी. काका सावलीत पन्हं पीत बसले होते, पोरगा केबलवर माती टाकत होता.

माझा क्रम आता ठरलेला आहे. 'बोगस ओपरँडी' लावून मागच्या रांगेपर्यंत चालत जायचं, तिथे उभं राहून ते पूर्ण ऐकायचं. डाव्या-उजव्या टोकाला 'काउंटडाउन टू शटडाउन'. मग पोराला हात वर करून खूण करायची, की तो शेवटचं 'स्टेप आउट ऑफ द वे' लावतो. दीडेक मिनिटाचं, अल्बममधल्या सगळ्यांत घाईच्या गाण्यांपैकी एक. ते वाजत असताना मी मागून खुर्च्यांच्या मधल्या वाटेनं मिक्सरच्या कन्सोलकडे परत निघतो आणि चालता चालता दर दहा पावलांवर आवाज बदलतो का ते ऐकतो. परवा बदलला नाही, पहिल्या रांगेपर्यंत सारखाच राहिला. कन्सोलजवळ पोचलो तेव्हा गाणं संपलं. काका उठून कॅसिओमागे जाऊन बसले आणि मी त्यांची लाइन उघडली.