माहीमची खाडी की ठाण्याची? दिवस एकच असेल तर

दिवाळीची सुट्टी संपली की अकरावी-बारावीच्या ‘पर्यावरण शिक्षण आणि जलसुरक्षा’च्या प्रकल्पांची घाई सुरू होते आणि मला हमखास फोन येतो. चाळीस मुलं आहेत, एक दिवस आहे, नदी समुद्राला मिळते तिथली खाडी दाखवायची आहे. ठाण्याच्या खाडीवरच्या ऐरोलीला नेऊ की माहीमला? विचारणाऱ्याचं मन बहुतेक वेळा आधीच ठरलेलं असतं. ऐरोलीला रोहित पक्षी (फ्लेमिंगो) आहेत, बोट आहे, मुलींची सोय आहे. माहीमला मिठी नदी आहे, म्हणजे नाकाला रुमाल.

मी दोन्हीकडे मुलं घेऊन गेलोय. उत्तर ताणत नाही: मुलं पाचवी-सहावीची असतील तर ऐरोली, दुसरा विचार नको. पंधरा-सोळा वर्षांची असतील आणि त्यांनी काही शोधून काढावं अशी इच्छा असेल, तर माहीम. आता का ते सांगतो.

पाणी

दोन्ही खाड्यांत समुद्र दिवसातून दोनदा आत येतो, दोनदा बाहेर जातो. दोन्हीकडे तिवरं आहेत, चिखल आहे, चिखलावर उड्या मारणारे निवट्या मासे आहेत. फरक आहे तो वरून येणाऱ्या गोड्या पाण्यात.

मिठी म्हणजे विहार आणि पवई या तलावांच्या सांडव्याची नदी. विहार १८६० मध्ये बांधून झाला, पवई १८९१ मध्ये. शहराला पाणी हवं होतं म्हणून नदीचा उगमच अडवला गेला. त्यामुळे पावसाळा सरला की मिठीत तिचं स्वतःचं पाणी जवळजवळ उरतच नाही. मरोळ, साकीनाका, कुर्ला, कालिना असा जवळपास १८ किलोमीटरचा प्रवास करून जे माहीमला पोचतं, ते उन्हाळ्यात मुख्यतः तुमचं-आमचं सांडपाणी असतं. ‘नदी प्रदूषित झाली’ असं आपण म्हणतो. खरं तर आधी नदी काढून घेतली आणि मग रिकाम्या पात्रात नाले सोडले. हे वाक्य मी मुलांना आधी सांगत नाही. नकाशावर विहारपासून बोट फिरवायला लावतो. दोघं-तिघं तरी स्वतःच तिथे पोचतात.

ठाण्याची खाडी वेगळी. ठाण्याजवळ ती उल्हास नदीच्या मुखाशी एका अरुंद चिंचोळ्या वाटेने जोडलेली आहे आणि दक्षिणेला पसरत मुंबई बंदरात मिळते. पावसाळा सोडला तर इथेही गोडं पाणी फारसं नसतं, पण पात्र एवढं रुंद की भरती-ओहोटीच ते धुऊन काढते. तीही तोंडाकडेच, आत ठाण्याच्या बाजूला पाणी बराच काळ रेंगाळतं आणि घाणही.

इतिहास

इथे माहीम सरळ जिंकतं.

माहीमची खाडी सत्तर वर्षांच्या आसपास दोन सत्तांची हद्द होती. अलीकडे इंग्रज, पलीकडे वांद्रे आणि साष्टी पोर्तुगीजांकडे. वांद्र्याचा किल्ला १६४० चा, समोर माहीमचा किल्ला. दोघं अजून एकमेकांकडे बघत उभे आहेत, मध्ये फक्त सागरी सेतू आलाय. मग १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टीची मोहीम उघडली आणि ठाण्याचा पोर्तुगीजांचा अर्धवट बांधलेला किल्ला घेतला. त्याच वर्षी इंग्रजांनी मिठीच्या काठी रिवा किल्ला बांधला. धारावीत त्याला काळा किल्ला म्हणतात. गव्हर्नर जॉन हॉर्न यांच्या नावाचा दगड भिंतीत आहे. म्हणजे मराठे ठाण्याच्या खाडीवर आले आणि त्याचा धसका माहीमच्या खाडीवर दगडात उमटला. एकाच वर्षाने दोन्ही खाड्या एकमेकींशी जोडल्या जातात अशी दुसरी जागा मला माहीत नाही. ठाण्याचा तो किल्ला आज मध्यवर्ती कारागृह आहे, तिथे मुलं नेता येत नाहीत. काळ्या किल्ल्याला जाता येतं, पण कचरा आणि झुडपं यांची तयारी ठेवा. मजा अशी की पाण्यावर पहारा करायला बांधलेला हा किल्ला आता पाण्यापासून लांब बस डेपोच्या आडोशाला आहे. खाडी किती मागे हटवली, हे टेपने मोजण्याजोगं दुसरं ठिकाण सापडणार नाही.

हटवली कशी? टप्प्याटप्प्याने, आणि प्रत्येक टप्पा चांगल्या हेतूने. आधी शीव आणि कुर्ला जोडणारा बांध झाला. माहीम-वांद्रे ये-जा तरीतूनच होती, बोटी उलटत, माणसं जात. लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभाई यांनी १ लाख ५७ हजार रुपये दिले आणि १८४५ मध्ये माहीमचा कॉजवे खुला झाला. टोल घ्यायचा नाही ही त्यांची अट. (आजच्या मुलांना ही अट फार आवडते.) पुण्यकर्मच ते, पण खाडीचं तोंड तिथे आवळलं गेलं. पुढे १९७० च्या दशकाअखेरीपासून खाजणात भराव पडून वांद्रे-कुर्ला संकुल उभं राहिलं. धारावीच्या बाजूला शहराचा कचरा पडत होता.

ठाण्याच्या खाडीचा इतिहास कमी नाही, पण तो बोटीतून दिसत नाही. १८५३ मध्ये बोरीबंदरहून निघालेली आगगाडी ठाण्याला थांबली, पुढच्याच वर्षी खाडीवरून पूल ओलांडून ती कल्याणकडे गेली. मग ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने, १९७० मध्ये नवी मुंबई वसवणारी सिडको, १९७३ मध्ये वाशीचा पूल. काठावर देवनारचं डम्पिंग ग्राउंड १९२७ पासून. हे सगळं पक्षी बघताना सांगायला गेलात तर कोणी ऐकत नाही. एकदा बोटीत मी कारखान्यांवर बोलायला लागलो आणि तेवढ्यात एक थवा उठला. मी गप्प बसलो, तेच बरं झालं.

कारभार

मला यातली खरी तुलना इथेच दिसते. ठाण्याची खाडी कागदावर अभयारण्य आहे, मिठी कागदावर पूरनियंत्रणाचं काम. कागदावर जे नाव पडतं त्याप्रमाणे खातं मिळतं, आणि खातं मिळतं तसं नशीब.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यात दुपारी चारच्या सुमारास मोठी भरती. मिठी उलटी फिरली आणि ‘हा नाला नाही, नदी आहे’ हे मुंबईला कळलं. त्याच वर्षी मिठी नदी विकास आणि संरक्षण प्राधिकरण नेमलं, पुढे जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांच्या समितीने अहवाल दिला. नदी वाटून घेतली: वरचे ११.८४ किलोमीटर महापालिकेकडे, खालचे ६ एमएमआरडीएकडे, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे. नंतर रुंदीकरण, खोलीकरण, दोन्ही काठांना काँक्रीटच्या भिंती, आणि दर उन्हाळ्यात गाळ काढणं. गाळाच्या कंत्राटांवरून २०२५ मध्ये आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हाही नोंदवला. पाणी वाहून जाण्याला यातून मदत झाली असेल, नदीला नाही. भिंत घातली की काठ संपतो, आणि काठ नसेल तर तिवर रुजणार कुठे? मला त्यातल्या त्यात बरं वाटतं ते बापट नाला आणि सफेद पूल नाल्याचं पाणी मिठीत पडण्याआधीच बोगद्याने धारावीच्या प्रक्रिया केंद्राकडे वळवण्याचं काम. नदी साफ करण्याआधी घाण थांबवायची, एवढं साधं सूत्र अमलात यायला इतकी वर्षं लागली.

ठाण्याला गोष्ट उलट. २००५ मध्येच मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनं, म्हणजे तिवरांची जंगलं, तोडायला बंदी केली, २०१२ मध्ये वनखात्याचा स्वतंत्र कांदळवन कक्ष झाला. ऑगस्ट २०१५ मध्ये खाडीचं १,६९० हेक्टर क्षेत्र रोहित पक्षी अभयारण्य झालं, आणि २०२२ मध्ये ती नांदूर मध्यमेश्वर आणि लोणारनंतर राज्यातली तिसरी रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची, पाणथळ ठरली. कारभारी एक, हद्द एक, पहारा दिसण्यासारखा.

म्हणून तिथलं पाणी स्वच्छ आहे असं समजू नका. छोटा रोहित निळं-हिरवं शेवाळ गाळून खातो. नव्वदच्या दशकापासून हे पक्षी इतक्या संख्येने का येऊ लागले, याचं अभ्यासकांनी दिलेलं एक स्पष्टीकरण असं की सांडपाण्यातल्या पोषकद्रव्यांनी शेवाळ फोफावलं. म्हणजे ज्या गुलाबी थव्याचे फोटो आपण काढतो, त्याच्या ताटात काही अंशी आपलाच मैला आहे. आणि अभयारण्याची हद्द पक्ष्याला कळत नाही: मे २०२४ मध्ये घाटकोपरवर विमानाला धडकून ३९ रोहित मेले. ऐरोलीला गेलात तर या दोन गोष्टी मुलांना जरूर सांगा, नाहीतर ती ‘छान सहल’ होऊन संपते.

प्रत्यक्ष जाताना

ऐरोलीला वनखात्याचं किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र आहे. माहिती मांडलेली आहे, माणसं शिकवतात, बोटीच्या वेळा ते भरती बघून ठरवतात. नोव्हेंबर ते मे हा हंगाम. जानेवारीनंतर गेलात तर निराशा कमी. अडचण एकच, मुलं सगळं बघतात आणि काहीच करत नाहीत.

माहीमला कोणी काही मांडून ठेवलेलं नाही. सुरुवात शीव स्टेशनहून महाराष्ट्र निसर्ग उद्यानात करा. ३७ एकरांचं हे रान एका जुन्या कचरा डेपोवर उभं आहे, १९९४ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. पायाखाली कचरा आणि डोक्यावर झाडी, आणि बाजूला मिठीच्या काठची तिवरं. तिथे थोडं खाली वाका. तिवराची श्वासमुळं चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली असतात, आणि प्रत्येक पेन्सिलीला दुधाच्या पिशवीची चिंधी. एका मुलीने हातभर चौकोन आखून मोजलं: ३१ मुळं, त्यांतली १९ प्लास्टिकने गुंडाळलेली. त्यांच्यामधून एक निवटी डोळे वर काढून सरकत गेली. त्या चौकोनावर तिने अख्खा प्रकल्प लिहिला. मग काळा किल्ला, आणि शेवटी माहीमचा कॉजवे किंवा रेतीबंदर. चिखलात उतरू देऊ नका, काच आणि लोखंड असतं. जुने बंद बूट हवेत, सँडल चालत नाहीत.

तारीख मात्र तिथी बघून ठरवा. कोळी लोकांचा जुना हिशेब आहे: तिथीला तिनाने गुणायचं, चाराने भागायचं, येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. सहा तासांनी ओहोटी. ऐरोलीसारख्या आतल्या जागी थोडी उशिरा धरा. माहीमसाठी मी चतुर्थी किंवा पंचमी घेतो: नऊ-पावणेदहाला पाणी सुकलेलं, मुळं उघडी, आणि दुपारी तीन-पावणेचारपर्यंत खाडी डोळ्यांदेखत भरते. एकदा हा हिशेब न करता गेलो आणि दिवसभर फुगलेलं पाणी बघून परतलो. मुलांनी वहीत लिहिलं, ‘मिठी नदी स्वच्छ आहे.’

पंचमीच्या एका सहलीत सकाळी कॉजवेखालून ओहोटीच्या शेवटच्या पाण्याबरोबर एक हिरवी रबरी चप्पल समुद्राकडे जाताना मुलांनी बघितली. दुपारी आम्ही परत तिथे उभे होतो तेव्हा भरतीबरोबर एक हिरवी चप्पल आत आली. तीच की दुसरी, यावर वांद्र्यापासून अंधेरीपर्यंत गाडीत वाद चालला. एकाने शेवटी विचारलं, “सर, पुढच्या वेळी आपणच एक चप्पल खूण करून सोडायची का?” मी नाही म्हटलं. पण बूच घट्ट लावलेला, नंबर घातलेला नारळ सोडायला काय हरकत आहे, असं दुसऱ्याने विचारलं. नारळाला बूच कशाला, यावर गाडी अंधेरीला पोचली.