साठ लिटरची सॅक, आळंदी ते पंढरपूर

गेल्या आषाढी वारीसाठी मी पुण्यातल्या एका दुकानातून ६० लिटरची ट्रेकिंगची सॅक २,४०० रुपयांना घेतली आणि ज्येष्ठ वद्य अष्टमीच्या प्रस्थानापासून आषाढी एकादशीपर्यंत ती वापरली. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण मला जाचलेल्या गोष्टींपैकी निम्म्या माझ्या निवडीच्या चुका होत्या आणि बाकीच्या या किमतीच्या कोणत्याही सॅकमध्ये निघू शकतील.

खांद्यावर घेण्याची वस्तू म्हणून सॅक चांगली आहे, हे आधी सांगायला हवे. रिकामी असताना तिचे वजन दीड किलोच्या आसपास भरते, खांद्याचे पट्टे रुंद आणि मऊ आहेत, आणि कमरेचा पट्टा नीट आवळला की ओझे खांद्यांवरून बरेचसे कमरेवर उतरते. निघण्यापूर्वी आठवडाभर मी तिच्यात दहा किलो तांदूळ भरून रोज सोसायटीचे चार मजले चढउतार केले. शेजाऱ्यांची करमणूक झाली, पण पाठ दुखली नाही. एवढ्या परीक्षेवर मी निर्धास्त होते.

मात्र दिंडीतून चालणाऱ्या वारकऱ्याच्या खांद्यावर मोठे सामान नसतेच, ही साधी गोष्ट मी ध्यानात घेतली नव्हती. दिंडीची भिशी, म्हणजे वर्गणी, भरली की जेवण, तंबूतील जागा आणि सामानाची वाहतूक त्यातच येते. पहाटे तीन-साडेतीनला उठायचे, टँकरच्या पाण्याने अंघोळ उरकायची, बॅग ट्रकपाशी नेऊन द्यायची, आणि मग ती थेट संध्याकाळी पुढच्या मुक्कामी हाती लागते. म्हणजे ज्या पट्ट्यांसाठी मी पैसे मोजले, ते पट्टे सुमारे अडीचशे किलोमीटरच्या वाटेत रोज तंबूपासून ट्रकपर्यंतच्या शंभर पावलांपुरते कामी आले. उलट ट्रकमध्ये त्यांचा अडथळाच झाला. सामान लावणाऱ्या काकांनी पहिल्याच दिवशी सॅकचे लोंबते पट्टे पाहून म्हटले, “माउली, हे बांधून द्या, नाहीतर दुसऱ्याच्या बॅगेबरोबर ओढून येतंय.” त्यानंतर मी रोज सुतळीने सगळे पट्टे आवळून सॅकचे मुटकुळे करून देऊ लागले. शिवाय काळ्या रंगाच्या सॅक दिंडीत अनेक होत्या. माझी ओळखू यावी म्हणून वरच्या कडीला जुन्या साडीचा पिवळा काठ बांधला.

सॅकची सर्वांत मोठी अडचण तिच्या रचनेत आहे. ती वरून उघडते. डोंगरावर तंबू टाकून निवांत सामान काढणाऱ्याला ते चालते. पण पंचवीस-तीस बायका एका तंबूत झोपलेल्या असताना, दातांत विजेरी धरून तळाशी गेलेला धुतलेला परकर शोधायचा, तर आधी शाल, औषधांचा डबा, हरिपाठाचे पुस्तक, ताट-वाटी असा सगळा संसार शेजारणीच्या अंथरुणावर मांडावा लागतो. तळाशी आडवी चेन देऊन वेगळा कप्पा केला आहे खरा, पण वरचे सामान दाबून बसले की तो कप्पा उघडतो आणि मिटत नाही. सासवडच्या दुसऱ्या मुक्कामी मी कपड्यांचे दोन-दोन दिवसांचे जोड वेगवेगळ्या पारदर्शक पिशव्यांत बांधले, तेव्हा कुठे हा त्रास आटोक्यात आला. ज्यांना अशीच सॅक वापरायची आहे त्यांनी हे घरूनच करून निघावे.

पावसाबद्दल दुकानात मिळालेले आश्वासन अर्धे खरे निघाले. कापडाला आतून लेप आहे, त्यामुळे सरीचे पाणी कापडातून आत येत नाही. ते शिवणीच्या भोकांतून आणि चेनमधून येते. सोबत मिळालेले आवरण वरून आणि समोरून झाकते, पाठीकडची बाजू उघडीच राहते. आळंदी ते पुणे या टप्प्यात दिवसभर झड होती, ट्रकवर ताडपत्री होती, तरी संध्याकाळी सॅकच्या पाठीकडचे दोन सदरे ओले निघाले. उपाय स्वस्त होता: कचऱ्यासाठी मिळते तशी मोठी काळी पिशवी सॅकच्या आत अस्तरासारखी घालायची आणि तिचे तोंड पिळून आत दुमडायचे. हीच पिशवी लोणंदनंतर फारशी लागली नाही, कारण सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला तो मुलूख. फलटण, नातेपुते, माळशिरस या भागात आम्हाला पावसाऐवजी ऊनच भेटले. पोंचो, म्हणजे डोक्यावरून घालायचा रेनकोट, सॅकच्या तळाशी गेला आणि डोक्यावर ओले उपरणे आले.

खरे परीक्षण त्या छोट्या पिशवीचे व्हायला हवे, जी मी निघताना ऐनवेळी कपाटातून ओढून घेतली होती. मुलाची शाळेतली, आडव्या पट्ट्याची, दहा-बारा लिटरची. पहाटे चारपासून संध्याकाळपर्यंत माझ्याजवळ जे काही होते ते तिच्यात होते, आणि दिवे घाटाच्या दिवशी, म्हणजे वारीतल्या सर्वांत लांब टप्प्यावर, मी तिच्यातली प्रत्येक वस्तू वापरली. पाण्याची लिटरची बाटली, पोंचो, कोरड्या मोज्यांचा जोड, खोबरेल तेलाची छोटी बाटली, चिकटपट्टी, रक्तदाबाच्या गोळ्या, ओळखपत्र आणि पैसे एका बंद होणाऱ्या पिशवीत, आणि क्षारसंजीवनीच्या (ओआरएसच्या) चार पुड्या. या पुड्यांबाबत एक सांगायचे राहू नये: मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यासाठी असते. अर्ध्या पेल्यात सगळी ओतून पिणाऱ्या दोघी मी घाटात पाहिल्या; असे दाट पाणी पोटाला आणखी त्रास देते. लिटरची बाटली जड वाटली तरी तीच न्यावी, मोजमाप आपोआप बरोबर राहते.

तळपायांना पहाटेच खोबरेल तेल चोळून मोजे घातले तर घर्षण कमी होते. मला फोड आला तो एकच, जेजुरीच्या अलीकडे, आणि तोही मोजे ओले असताना न बदलल्यामुळे. जुनी, पायाला बसलेली चप्पलच वापरावी. पॉवर बँक १०,००० एमएएचची होती, ती पुरली. रस्त्याकडेच्या दुकानांत चार्जिंगसाठी रांगा लागतात, तेव्हा भ्रमणध्वनी दिवसा बंदच ठेवलेला बरा.

सॅकने शेवटचा दगा फलटणला दिला. मुख्य चेनचा रनर एका बाजूने सुटला आणि दात मिटेनात. चार सेफ्टी पिनांवर दोन दिवस काढले. नातेपुत्याला एका चर्मकार काकांनी रनर काढून पितळी बसवला, पक्कडीने दाबला, मेणबत्ती चेनवरून फिरवली आणि ४० रुपये घेतले. तो आजही सुरळीत चालतो. परतल्यावर दुकानात गेले तेव्हा हमी शिवणीची आहे, रनरची नाही, असे उत्तर मिळाले. एक वर्षाच्या हमीचे कार्ड मी घेताना वाचले नव्हते हे खरे, पण सॅकमध्ये सर्वांत आधी निकामी होणारा भाग हमीतून वगळणे मला सरळ व्यवहार वाटत नाही.

तेव्हा ही सॅक कोणी घ्यावी? सामान स्वतःच्या पाठीवर वाहून डोंगर चढणाऱ्याने, रनर आधीच बदलून, जरूर घ्यावी. दिंडीत जाणाऱ्याने घेऊ नये. यंदासाठी मी आमच्याकडच्या पिशव्या शिवणाऱ्याकडून ताडपत्रीच्या कापडाची, तीन बाजूंनी चेन फिरणारी, चौकोनी बॅग ६५० रुपयांत शिवून घेतली आहे. ती पेटीसारखी पूर्ण उघडते आणि तिला लोंबणारे काहीच नाही. सॅक भाच्याने हरिश्चंद्रगडासाठी नेली आणि अजून परत केलेली नाही.