स्कीचं ग्लाइड वॅक्स: नोव्हेंबर ते एप्रिल वापरल्यानंतर

आधी निकाल, मग खटला. नॉर्वेतल्या ओस्लोत हौसेखातर स्कीइंग करणाऱ्याला स्की घसरावी म्हणून तळाला लावायच्या मेणाच्या तीन वड्या पुरतात: स्विक्स कंपनीच्या पीएस मालिकेतली निळी (पीएस ६), जांभळी (पीएस ७) आणि लाल (पीएस ८). दुकानातली बाकीची रंगीबेरंगी भिंत बघून न बघितल्यासारखी करायची. वाचलेल्या पैशात एक चांगला ब्रश आणि बर्फात खुपसायचा थर्मामीटर घ्यायचा.

मी रत्नागिरीचा, मिऱ्यावरचा. काम जहाजांच्या इंजिनांचं, त्यामुळे हिवाळा ओस्लोत आणि आंब्याचा हंगाम घरी अशी वर्षाची वाटणी ठरून गेली आहे. माझा भाचा आणि त्याचा चिपळूणचा मित्र ऑगस्टात तिकडे शिकायला चाललेत. दोघांनी मिळून प्रश्नांचा भडिमार केला, म्हणून म्हटलं एकदाच सविस्तर लिहून टाकू.

क्रॉस-कंट्री स्की म्हणजे डोंगरावरून खाली सुटायच्या त्या रुंद फळ्या नव्हेत. या अरुंद, हलक्या, टाच मोकळी ठेवणाऱ्या. सपाटीवर आणि चढावर आपल्याच दमाने जायचं. यात दोन जाती. क्लासिकमध्ये पायाखालचा मधला पट्टा बर्फ पकडतो आणि पुढचा-मागचा भाग घसरतो. पकडीसाठी तिथे किक वॅक्स लावतात, नाहीतर मोहेरची, म्हणजे बोकडाच्या लोकरीची, पट्टी असते. स्केटिंगच्या स्कीला पकड नाहीच, अख्खा तळ घसरायचा. ग्लाइड वॅक्स फक्त घसरणाऱ्या भागाला. माझी क्लासिक जोडी पट्टीवाली आहे. त्या पट्टीवर ग्लाइड वॅक्स सांडलं की तिची पकड जाते, म्हणून इस्त्री गरम करायच्या आधी तिच्यावर मास्किंग टेप.

आता वेगवेगळी वॅक्स का? स्की पुढे सरकते तेव्हा घर्षणाच्या उष्णतेने तळाखाली पाण्याचा अगदी पातळ थर धरतो आणि मुख्यतः त्याच्यावर ती घसरते. कडाक्याच्या थंडीत हा थर नीट धरतच नाही. शिवाय बर्फाचे कण कडक आणि टोकदार असतात, ते मऊ मेणात रुततात. म्हणून तिथे मेणही कडक हवं. शून्याच्या आसपास उलटी तऱ्हा. पाणी इतकं होतं की तळ बर्फाला चिकटल्यासारखा ओढला जातो. तिथे पाणी झटकणारं मऊ मेण लागतं. वडीवरचे आकडे हेच सांगतात: निळी उणे ६ ते उणे १२, जांभळी उणे २ ते उणे ८, लाल उणे ४ ते अधिक ४. आकडे एकमेकांवर चढलेले आहेत, आणि मजा आहे ती त्या चढलेल्या भागातच.

कारण हवेचं तापमान फक्त अर्धी गोष्ट सांगतं. रत्नागिरीचे ३३ अंश आणि पुण्याचे ३३ अंश सारखे नसतात हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. बर्फाचं तसंच आहे. उणे ४ ला रात्री पडलेला ताजा, कोरडा बर्फ वेगळा. त्याच उणे ४ ला चार दिवस वितळून-गोठून साखरेसारखा दाणेदार झालेला बर्फ वेगळा. ताज्याला टोकं असतात, तिथे मी जांभळीकडे झुकतो. जुना आणि ओलसर असेल तर लाल. तोफेतून उडवलेला कृत्रिम बर्फ तळाला घासतो, त्याच्यासाठी एक पायरी कडक वडी. नोव्हेंबरात ओस्लोच्या होल्मेनकोलेन स्की केंद्रात बहुतेक वेळा हाच असतो. त्याच्यावर लाल वडी लावलेला तळ थोड्याच फेऱ्यांत पायाखालच्या कडांना पांढुरका पडतो. पांढुरका म्हणजे कोरडा, मेण संपलं.

थर्मामीटरचा आग्रह यासाठीच. निरभ्र रात्र गेली की बर्फाचा पृष्ठभाग हवेपेक्षा कितीतरी थंड होतो. मोबाइल उणे ३ सांगत असतो आणि बर्फात सुई खुपसली की उणे ७ दिसतात. सावलीत, वरच्या एक-दोन सेंटिमीटरमध्ये मोजायचं. बर्फ शून्याच्या वर जात नाही, त्यामुळे शून्य दिसलं तर मुठीत दाबून बघायचं: लाडू वळतो की पाणी निथळतं.

ओस्लोत आणखी एक गंमत आहे. मेट्रोची १ नंबरची गाडी स्कीसकट फ्रोंगनरसेतेरनला पोचवते, उंची साधारण ४७० मीटर. ५ नंबरची सोंग्सवानला सोडते, ते बरंच खाली, तळ्याकाठी. आपला हिशेब असा की वर गेलं की थंड. पण जानेवारीत वारा पडलेला असला की जड थंड हवा खाली खोलगटात साचते आणि वर ऊब असते. सकाळी वरून निघून नूर्मार्काच्या जंगलातून सोंग्सवानला उतरलात तर एकाच फेरीत दोन ऋतू. अशा दिवशी मी जांभळी लावतो आणि फार विचार करत नाही. तिन्हींत सर्वात जास्त झिजली ती हीच वडी. कोरड्या, जुन्या ट्रॅकवर एका लेपात तीस-चाळीस किलोमीटर आरामात निघतात. स्पर्धेत उतरणाऱ्याला हे पटणार नाही. मला शर्यत लावायची नसते, जंगलातल्या उल्लेवोलसेतरच्या उपाहारगृहात जाऊन वॉफल खायचे असतात.

निळीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. थंडी असली की ती काम करते. वितळायला वेळ घेते, इस्त्री जास्त तापवावी लागते, खरवडताना हाताला कस लागतो.

लाल वडी मात्र सर्वात लहरी. मार्चच्या दुपारी, ओल्या बर्फात, तिने मला चांगली साथ दिली, पण एकटीने नाही. ओलं असताना मेणाइतकंच महत्त्व तळावरच्या बारीक रेघांना असतं. या रेघांतून पाणी निघून जातं आणि तळ ओढला जात नाही. थंडीत बारीक, ओल्यात जाड. रिलर नावाचं रूळ असलेलं हत्यार मेण खरवडून ब्रश झाल्यावर तळावर दाबून फिरवायचं. ते आल्यापासून मार्चमधला फरक मला नुसत्या हाताला जाणवतो, घड्याळ लागत नाही. एप्रिलचा बर्फ दिसायलाच घाणेरडा, परागकण आणि पाइनचा चीक मिसळलेला. मऊ मेण ती घाण ओढून घेतं. त्यामुळे पाणी असलं तरी मी तेव्हा जांभळीवर येतो. थोडी गती गेली तर गेली.

घासून लावायच्या द्रव वॅक्सची बाटलीही वापरली, कंपनीचं नाव देत नाही. पाच मिनिटांत काम होतं, इस्त्री नको, आठवड्यातल्या संध्याकाळी दिव्याच्या उजेडातल्या छोट्या फेरीला झकास. पण टिकाव नाही, आणि माझ्या बाटलीच्या स्पंजाखालून गळती लागली ती शेवटपर्यंत थांबली नाही. पिशवीतले हातमोजे मात्र उत्तम घसरतात आता.

मे महिन्यात दोघा पोरांना लावायची पद्धत दाखवायला एक जुनी जोडी घरी आणली. मांडवी एक्सप्रेसमध्ये टीसीने विचारलं, हे काय? म्हटलं, पडद्याच्या दांड्या. पडवीत दोन स्टुलांवर ती मांडली तर आई म्हणाली, "मेल्या, आंब्याच्या पेट्या ठेवायला जागा नाही, आणि या फळ्या कुठून आणल्यास?"

पद्धत तशी सोपी. आधी तळ ब्रशने साफ. मग वडी इस्त्रीला टेकवून थेंब पाडत टोकापासून शेपटीपर्यंत जायचं. मग इस्त्री एकाच दिशेने, न थांबता. तळ पॉलिथिलीनचा असतो आणि तो साधारण १३० अंशांच्या पुढे वितळायला लागतो. इस्त्री त्याहून गरम असू शकते, म्हणून एका जागी टेकवून ठेवायची नाही. वितळलेल्या मेणाची ओली चकाकी इस्त्रीमागे चार-पाच बोटं रेंगाळली पाहिजे, ही तिकडची खूण. मिऱ्यावरच्या मे महिन्यात ती हातभर रेंगाळते, त्यामुळे ती खूण इथे कुचकामी. धुराची खूण मात्र जगभर सारखी: धूर आला की इस्त्री जास्त तापली. भाच्याने पहिल्याच फेरीत काढला. घरची कपड्यांची इस्त्री यासाठी वापरू नका. तिच्या भोकांत मेण बसतं, आणि थर्मोस्टॅट वरखाली होत राहतो. वॅक्सची इस्त्री जाड पत्र्याची असते आणि तापमान धरून ठेवते.

ओस्लोतल्या थंड तळघरात निळं मेण खरवडलं की कोरडे, ठिसूळ पापुद्रे उडतात. पडवीत लाल मेण पंख्याखाली अर्धा तास ठेवूनही स्क्रेपरखाली चिकट फितीसारखं गुंडाळत आलं. जांभळं त्यातल्या त्यात बरं सुटलं. प्लेक्सिग्लासचा स्क्रेपर धारदार हवा. आधी मधली खाच, मग कडा, मग तळ, सगळं पुढून मागे. त्यानंतर ब्रॉन्झचा ब्रश, शेवटी नायलॉनचा. नखाने ओरखडा काढला तरी मेण निघता कामा नये, इतकं साफ.

"मामा, सगळंच काढायचं तर लावलं कशाला?"

प्रश्न रास्त आहे. तापलेला तळ थोडं मेण आत शोषून घेतो आणि काम तेच करतं. वर राहिलेला थर बर्फ पकडतो आणि वेग खातो. नवीन स्कीला म्हणूनच पहिल्यांदा मऊ मेणाचे बरेच लेप एकावर एक द्यावे लागतात. घाईत एका लेपावर निघालात तर महिनाभर स्कीला दोष देत बसाल. तळ मळला असेल तर मऊ मेण लावून गरम असतानाच खरवडायचं, काळपट घाण त्याच्याबरोबर येते.

फ्लोरिनवाल्या वॅक्सबद्दल दोघांनीही विचारलं, कारण जुन्या व्हिडिओत त्याचीच स्तुती असते. पाणी झटकण्यात त्याला तोड नव्हती, आणि ३० ग्रॅमच्या डबीला शंभर युरोंच्या वर मोजणारे लोक होते. पण त्यातली रसायनं निसर्गात विघटित होत नाहीत आणि शरीरात साठतात. संघांसाठी वॅक्स लावणाऱ्यांच्या रक्तात ती सर्वसामान्यांपेक्षा कितीतरी जास्त सापडली. त्यातल्या पीएफओए या रसायनावर युरोपीय संघाने २०२० च्या जुलैपासून बंदी आणली. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने फ्लोरिनबंदीची घोषणा २०१९ मध्ये केली होती, ती स्पर्धांना पूर्णपणे लागू झाली २०२३-२४ च्या हंगामात. तेव्हा सेकंडहँड पेटीत एखादी जुनी डबी सापडली तर उघडू नका, घातक कचऱ्यात द्या. साधं पॅराफिनसुद्धा खिडकी उघडी ठेवूनच तापवायचं.

नॉर्वे नको, गुलमर्ग जमेल, असं म्हणणारेही असतील. तिथे २०२० पासून खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा होतात आणि टाच मोकळी ठेवणारं नॉर्डिक स्कीइंगही असतं. लष्कराची उंचावरच्या युद्धतंत्राची शाळा तिथेच आहे. २०१८ च्या प्योंगचांग ऑलिंपिकमध्ये क्रॉस-कंट्रीत उतरलेला जगदीश सिंह त्याच शाळेतला. मार्चमध्ये सकाळी गोठलेलं कवच आणि दुपारी चिखल असा प्रकार असेल तर लाल वडी आणि रिलर, एवढ्यावर भागावं.

हंगाम संपला की तळ साफ करून लाल वडीचा जाड लेप द्यायचा आणि तो न खरवडता तसाच ठेवायचा. नोव्हेंबरात खरवडायचा. माझी चांगली जोडी ओस्लोच्या तळघरात तशीच पडून आहे. इकडची जुनी जोडी मी माळ्यावर टाकलेली नाही, पत्र्याखाली मे महिन्यात काय तापतं ते माहीत आहे. माजघरात भिंतीला उभी केली आहे. पडवीत खरवडलेल्या लाल फिती बाबांनी गोळा करून डब्यात भरल्या. पावसात फुगणाऱ्या मागच्या दाराच्या कडेला मेणबत्ती घासायचे, यंदा हे घासणार म्हणतात.

पोरांसाठी शेवटचं. वड्या, स्क्रेपर, ब्रश सामानात टाकून न्यायला हरकत नाही. द्रव वॅक्सच्या बऱ्याच बाटल्या ज्वलनशील असतात, त्या विमानात नेऊ नका. इस्त्री इथून नेऊच नका. तिकडे फिन डॉट एनओ या जुन्या वस्तूंच्या साइटवर लोक अर्ध्या किमतीत काढत असतात, आणि तिचा प्लगही तिकडचाच असतो. घेताना तळपत्रा उलटा करून बघा, खड्डा किंवा ओरखडा असेल तर सोडून द्या.