मे महिन्यात स्कीइंग: अफरवट की फ्रेंडशिप?

मे उजाडला की गोव्यात आमच्या फोंड्याकडे दोन-तीन तरी फोन येतात. या वर्षी स्की घेऊन जायचंच आहे, बर्फ शिल्लक असेल ना, आणि गुलमर्गला जाऊ की मनालीला? म्हणजे गुलमर्गच्या अफरवट डोंगरावर, की मनालीजवळच्या फ्रेंडशिप शिखरावर? रोपवेच्या रांगेतलं नव्हे, आखलेल्या उतारांबाहेरचं, स्वतःच्या पायांनी चढून केलेलं स्कीइंग ज्यांना हवं आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. दोन्हीकडे मी उन्हाळ्यात उतरलो आहे. जानेवारीतल्या भुसभुशीत बर्फासाठी गुलमर्गच, त्यावर माझं दुमत नाही. मेची गोष्ट मात्र वेगळी आहे.

पोचायला अफरवट सोपं. श्रीनगरहून गुलमर्ग साधारण पन्नास किलोमीटर, म्हणजे गोव्यातून निघालेला माणूस त्याच रात्री गुलमर्गात जेवतो. फ्रेंडशिपला वेळ जातो. त्यात एक सोय आहे, ती आपल्याकडच्या फार जणांना ठाऊक नसते: मडगावहून गोवा संपर्क क्रांती थेट चंदीगडला जाते. विमानात स्कीच्या लांब पिशवीसाठी जादा सामानाचे पैसे मोजण्यापेक्षा ती बर्थखाली सरकवून निवांत झोपणं मला जास्त आवडतं. चंदीगडहून रात्रीची बस पकडली की सकाळी मनाली.

उंचीचं गणित आपल्यासारख्या समुद्रकाठच्या माणसांनी गांभीर्याने घ्यायला हवं. गुलमर्ग २,६५० मीटरवर आहे आणि रोपवेचा दुसरा टप्पा तुम्हाला थेट ३,९५० मीटरच्या आसपास नेऊन सोडतो. आदल्या दिवशी गोव्यात दाबोळी विमानतळावर घाम पुसत असलेल्या शरीराला हे झेपतंच असं नाही. माझं डोकं तिथे दुखलं, बरोबरच्यांपैकी एकाला उलट्या झाल्या. मनालीकडे मनाली, धुंडी, बकरथाच, मग वरचा तळ अशी चढण अंगात मुरत जाते. फ्रेंडशिप ५,२८९ मीटर आहे, अफरवटच्या रोपवेच्या वरच्या टोकापेक्षा हजार मीटरने तरी उंच, तरीही तिथे मला कमी त्रास झाला.

पण माझा निर्णय उंचीवर झाला नाही. तो झाला सकाळच्या वेळेवर.

उन्हाळ्यातला बर्फ रात्री घट्ट गोठतो. पहाटे त्यावर स्कीची कड ओढली तर काचेवर खिळा ओढल्यासारखा आवाज येतो आणि पकड मिळत नाही. ऊन लागलं की वरचा थर सुटा होऊ लागतो. हातात घेऊन पाहा, भिजवलेल्या साबुदाण्यासारखे टपोरे, वेगळे दाणे दिसतील. हाच तो कॉर्न स्नो. वरचे दोन-तीन सेंटिमीटर मऊ, खाली टणक, आणि स्की मनासारखी वळते. ज्यासाठी एवढा आटापिटा करायचा ती घटका ही, आणि ती फार टिकत नाही. तासा-दीड तासात बूट घोट्यापर्यंत रुतायला लागतात, मग गुडघ्यापर्यंत. अशा ओल्या उतारावर राहणं धोक्याचं, कारण ओला हिमप्रपात त्याच वेळी सुटतो.

रोपवे काही पहाटे सुरू होत नाही. तो पर्यटकांसाठी आहे, पर्यटक नाश्ता करून येतात, आणि त्यात गैर काहीच नाही. पण मेमध्ये बर्फ बघायला आलेली सगळी कुटुंबं त्याच रांगेत असतात. अफरवटचा गुलमर्गकडचा उतार साधारण पूर्वेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सकाळचं ऊन तो सगळ्यांत आधी खातो. आपण वर पोचून स्किन (चढताना मागे घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला लावायच्या पट्ट्या) काढून, बूट आवळून उभे राहतो तोवर चांगला बर्फ सरलेला असतो. एकदा तर माझ्या डोळ्यांदेखत, डब्यात बसलो असताना, खालच्या उतारावर आपोआप गोळे घरंगळू लागले. उतार तापल्याची याहून स्पष्ट खूण नाही. त्या दिवशी मी स्की पाठीला बांधून पर्यटकांबरोबर खाली आलो.

रोपवे सोडून पहाटे चालत का निघू नये? निघता येतं, आणि काही जण निघतात. पण मेमध्ये खालचा बर्फ गेलेला असतो. चिखलातून, देवदारांतून स्की पाठीवर घेऊन तेराशे मीटर चढायचं, तेही सूर्याशी शर्यत लावून. मला ते जमलं नाही, तुम्हाला कदाचित जमेल.

फ्रेंडशिपला तंबूच बर्फाच्या कडेला असतो. रात्री दोन-तीनला हेडलॅम्प लावून निघायचं, गोठलेल्या बर्फावर क्रॅम्पॉन, म्हणजे बुटांखाली बांधायचे धातूचे दाते, झकास धरतात, आणि ऊन वर येईपर्यंत आपण उतरायच्या जागी हजर. शिखर गाठलंच पाहिजे असा हट्ट मी धरत नाही. वरचा भाग अरुंद आणि कडक असतो, हिमनदीवर भेगाही असतात, तेव्हा दोर आणि जाणता गाइड हवाच. गाइड ठरवताना तो स्वतः स्की करतो का, हे नक्की विचारा. चढवणारे पुष्कळ मिळतात, बरोबर स्कीवर उतरणारे कमी. खांद्यावर बोजा असतो, थंडी हाडात शिरते, आणि परतताना धुंडीपर्यंत स्की पाठीवरच. हे सगळं मान्य करूनही मी पुन्हा तिकडेच जाईन.

पहिल्यांदाच स्किन लावून चालणार असाल, किंवा बरोबर आईवडील, मुलं असतील, तर मात्र अफरवट घ्या. संध्याकाळी गरम खोली, दुपारी मुलांना बर्फ, आणि एखाद्या थंड, ढगाळ सकाळी तुम्हालाही छान उतरण मिळून जाईल. माझा अनुभव शेवटी मोजक्या सकाळींचा आहे.

फ्रेंडशिप ठरवलंत तर वरच्या तळावर एक दिवस जादा धरा. रात्री आभाळ भरलेलं राहिलं तर बर्फ नीट गोठत नाही, आणि तशा पहाटे निघण्यात अर्थ नसतो. परतीचं तिकीट जूनच्या पहिल्या आठवड्यापलीकडचं काढू नका असं मी आपल्या लोकांना सांगतो. तोवर गोव्यात पाऊस लागलेला असतो, आणि ओल्या पिशवीतून घरी आलेल्या स्कीच्या कडा त्या दमट हवेत दोन दिवसांत गंजतात. आल्या आल्या कडा पुसून तेलाचा हात फिरवा, आणि बुटांतलं अस्तर बाहेर काढून पंख्याखाली ठेवा.