दार उघडं होतं

जुन्या मारुती झेन गाडीच्या वायरिंगपायी माझे 14,300 रुपये गेले. पैशांपेक्षा जास्त चीड याची येते की त्या माणसाने मला माझ्या डोळ्यांसमोर, माझ्याच गाडीत फसवलं आणि मी मान डोलावत उभा होतो.

गाडी 1999 ची, पेट्रोल. रात्री साताऱ्याला निघालो होतो. खंबाटकी घाट चढताना डिपर (जवळचा झोत) सोडून अप्पर (लांबचा झोत) टाकला आणि पाच मिनिटांत स्टिअरिंगखालून प्लास्टिक जळल्याचा वास सुटला. हात लावला तर दांडीच्या स्विचखालचं कव्हर चांगलंच गरम. लाइट मंदावलेलेच होते. कसाबसा घरी आलो आणि दोन दिवसांनी एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. दुकान चकचकीत, बोलणं त्याहून.

त्याने बॅटरीची निगेटिव्ह केबल काढली, ती केबल आणि बॅटरीचं टोक यांच्यामध्ये टेस्टलँप, म्हणजे करंट वाहतोय का ते दाखवणारा छोटा दिवा, धरला. चावी बंद, तरी दिवा मिणमिणत पेटला. "बघा साहेब, करंट लीक आहे. अख्खी वायरिंग आतून तापलीय. कधी पेट घेईल सांगता येत नाही." घरात दोन लहान मुलं असलेल्या माणसाला एवढं पुरतं. नवीन वायरिंगचे 9,800 आणि "डायनॅमोही लोड घेतोय" म्हणून त्याचे 4,500. गाडी दोन दिवस त्याच्याकडे. परत आणायला गेलो तर पोत्यातून जळक्या वायरींचा एक गुंता काढून दाखवला. मी त्याचा फोटोही काढला, बायकोला दाखवायला. बिल मागितलं तर पॅडच्या कागदावर आकडा लिहून दिला, ना शिक्का ना सही.

तीन आठवड्यांनी पुन्हा तोच वास. फोन केला, तर "बल्ब बदलून बघा" म्हणाला. नंतर फोन उचलणंच बंद.

शेवटी आमच्या चौकात रिक्षांचं वायरिंग करणाऱ्या चाचांकडे गेलो. त्यांनी आधी काही उघडलंच नाही. लाइट लावून ठेवले, चहा घेतला, मग बोटांनी वायर चाचपत मागे मागे गेले. म्हणाले, "वायर लांबपर्यंत तापली तर भार जास्त. एकाच जागी चटका बसला तर सांधा खराब. तुमचं दोन्ही आहे." भार माझ्याच कर्माचा. वर्षभरापूर्वी मी हौसेने 60/55 वॉटचे (अप्परला 60, डिपरला 55) बल्ब काढून 100/90 चे टाकले होते, तेही रिलेशिवाय. रिले म्हणजे जड करंट दांडीच्या स्विचमधून न नेता थेट बॅटरीतून बल्बला देणारा वेगळा स्विच. या गाडीत हेडलाइटचा सगळा करंट त्या दांडीच्या स्विचमधून जातो. आधी डिपरला दोन्ही बल्ब मिळून नऊएक अँपियर घ्यायचे, ते पंधराच्या घरात गेले.

मग मल्टिमीटर. इंजिन चालू, लाइट चालू. बॅटरीवर 13.8 व्होल्ट, बल्बच्या होल्डरवर 11.6. मीटरची एक पिन स्विचच्या कपलरच्या (वायरी जोडणाऱ्या प्लगच्या) अलीकडे, दुसरी पलीकडे लावली, तर एकट्या कपलरमध्ये 1.2 व्होल्ट खाल्ले जात होते. म्हणजे तिथे सतरा-अठरा वॉटची उष्णता, एखादी लहानशी सोल्डरिंग गनच कव्हरखाली चालू ठेवल्यासारखी. कपलर उघडला तर पिना काळ्या, प्लास्टिक वितळून वाकडं. फ्यूज का उडत नव्हता, असं मी विचारलं. चाचा म्हणाले, सैल सांध्याने करंट वाढत नाही, उलट थोडा कमीच होतो, मग फ्यूज उडणार कशाला?

आणि फ्यूज! जिथे निळा 15 चा हवा तिथे हिरवा 30 चा बसवलेला. हे माझं काम नव्हतं. वायर कुठे बॉडीला चिकटली असती तर फ्यूजआधी वायरच जळाली असती. ज्याने मला आगीची भीती घातली, त्यानेच ही सोय करून ठेवली होती.

"नवीन वायरिंग" चाचांनी ब्लेडने चिरली. वर कोरी काळी टेप, खाली जुन्या टेपचा चिकटा आणि रंग उडालेल्या कडक वायरी. मोबाइलमधला फोटो पाहून ते हसायलाच लागले. "ही डिझेल गाडीची आहे. हीटर प्लगची वायर आहे ही." माझी गाडी पेट्रोल, तिला हीटर प्लग नसतोच.

आणि तो पेटलेला टेस्टलँप? चाचांनी तोच प्रयोग करून दाखवला. ड्रायव्हरचं दार उघडं, दिवा पेटला. दार लावलं, विझला. छतातला दिवा घेत होता तेवढाच तो करंट. त्या दिवशी त्याने मला "बसा साहेब, चावी बंद करा, उतरून बघा" म्हटलं होतं आणि दार उघडंच राहिलं होतं. की ठेवलं होतं.

दोन रिले, बॅटरीपासून फ्यूज लावून जाड वायर, नवा कपलर, जुने 60/55 चे बल्ब. चाचांनी 1,350 घेतले. आता बॅटरी आणि होल्डरमध्ये 0.3 व्होल्टचा फरक राहिलाय, आणि 60 वॉटचे बल्ब आधीच्या 100 वाल्यांपेक्षा उजळ दिसतात.

ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, फोन केला. त्यांचा पहिलाच प्रश्न बिलाचा होता. माझ्याकडे पॅडचा कागद.

परवा त्या दुकानावरून जात होतो. बाहेर एक जुनी मारुती 800 उभी, बॉनेट वर, तो वाकलेला, हातात टेस्टलँप आणि शेजारी घाबरलेल्या एक बाई. गाडीचं दार सताड उघडं. मी स्कूटर थांबवली आणि म्हटलं, "ताई, जरा ते दार लावून बघा."