बटन घ्यावं का कानामागचं? ऑपरेशन ठरलेल्यांसाठी

कॉक्लियर इम्प्लांटचं, म्हणजे ऐकू यावं म्हणून कानात आतून यंत्र बसवायचं ऑपरेशन ठरलंय पण बाहेरचं मशीन कोणतं घ्यावं ते कळंना, असं गेल्या महिन्यात दोघांनी विचारलं म्हणून लिहितोय. मी दोन्ही वापरलेत, आधी बटन, म्हणजे डोक्याला मॅग्नेटनं चिकटणारं एकच गोल मशीन, आणि आता कानामागचं.

आवाजात मला तरी काही फरक वाटला नाही. आतलं इम्प्लांट तेच, मॅपिंग, म्हणजे मशीनचा आवाज आपल्या कानाला जुळवून देणं, तेही दवाखान्यातल्या त्याच मॅडमनी केलं.

बटनाचं सुख आहेच. चष्म्याची दांडी कानावर मोकळी बसते, मास्कची दोरी अडकत नाही, आणि वायर नाही त्यामुळं ती तुटायची भानगड नाही. कानामागच्याला कॉइलची, म्हणजे डोक्याला चिकटणाऱ्या चकतीची वायर असते, माझी एक वर्षभरातच गेली. पण बटनाचं सगळं वजन मॅग्नेटवर, बनियन काढताना निघून येतं. एकदा तुरीत पडलं, एकदम सगळं शांत झालं तेव्हा कळलं की पडलं, मग तासभर ओणवं होऊन शोधत होतो. फोनसुद्धा कानाला न लावता वर मागं, जिथं मशीनचा माईक तिथं धरावा लागायचा.

हे सगळं चाललं असतं हो. मला नडली ती चार्जिंग. माझ्या बटनात बॅटरी आतच बसवलेली, संपली की चार्जिंगला लावून गप बसायचं. आता आमच्या परभणीकडं रब्बीत शेतीपंपाची लाईट काही दिवस रात्रीचीच येते, म्हणजे ज्या टायमाला मशीन चार्जिंगला लावायचं त्याच टायमाला मी दारं धरायला रानात. एका रात्री गव्हाला पाणी देत होतो आणि मशीन बंद पडलं. पोरगं विहिरीवरून हाका मारत होतं, मोटर पाणी ओढत नव्हती म्हणून, मी आपला पाठमोरा खोरं घेऊन उभा. शेवटी ते चिखलातून पळत आलं आणि माझा दंड धरला, हात थरथरत होता त्याचा. "अप्पा, मला वाटलं तुम्हाला काही चावलं." ते तोंड अजून डोळ्यापुढून जात नाही.

कानामागच्यात सेल बदलता येतात. माझ्यात 675 नंबरचे दोन लागतात, इम्प्लांटसाठीचे वेगळे मिळतात तेच घ्यायचे, साधे टिकत नाहीत. वरची पट्टी काढून दोन-चार मिनिटं हवा लागू द्यायची आणि मग टाकायचे. पट्टी आधीच काढून ठेवू नका, एकदा काढली की सेल न वापरताही उतरत जातो. सेलचा खर्च कायमचा मागं लागतो हे खरं.

ज्यांचं काम ऑफिसात, रात्री मशीन निवांत चार्जिंगला लागतं, त्यांना बटन कदाचित जास्त आवडंल, मी नाही म्हणणार नाही. पण एक गोष्ट ऑपरेशनच्या आधीच विचारून घ्या. बाहेरचं मशीन आतल्या इम्प्लांटच्याच कंपनीचं लागतं, दुसऱ्याचं चालत नाही, म्हणून आपल्या इम्प्लांटला दोन्ही प्रकार बसतात का आणि नंतर बदलायचं म्हटलं तर किती पैसे पडतील ते स्पष्ट विचारा. मला तो बदल लाखांत पडला.

आता सेलची एक जोडी खिशात असते, एक आखाड्यावर डब्यात. अंधारात नुसतं बोटानं चाचपून बदलता येतात, पोरानं डोळे बांधून सराव करून घेतलाय.